मोठ्या खिडक्या : झडप कीं पडदा?

घर बांधणाऱ्याचें लक्ष भिंतींकडे असतें. घरांत राहणाऱ्याचें सुखदुःख मात्र पुष्कळसें खिडक्यांवर अवलंबून असतें. भिंत एकदां उभी राहिली कीं ती आपलें काम मुकाट्यानें करीत राहते. खिडकीला दिवसांतून दहा वेळां काय करावें तें सांगावें लागतें. सकाळीं प्रकाश हवा, दुपारीं ऊन नको, संध्याकाळीं वारा हवा, रात्रीं समोरच्या घराची नजर नको, पावसाळ्यांत झड नको आणि हिवाळ्यांत कोवळें ऊन मात्र हवें, अशा परस्परविरुद्ध मागण्या भिंतींतील एकाच मोकळ्या जागेकडे केल्या जातात. त्या पुऱ्या करण्याचे दोन मार्ग माणसानें फार पूर्वीं शोधून काढले. एक कापडाचा, दुसरा लांकडाचा. पडदा आणि झडप हीं दोन्ही साधनें जुनींच आहेत. परंतु खिडक्यांचा आकार वाढत गेला तसा त्यांतून निवड करण्याचा प्रश्न नव्यानें पुढें आला आहे.

पूर्वींच्या घरांना हा प्रश्न इतका छळीत नसे. देशावरील वाड्यांच्या भिंती जाड, खिडक्या लहान, त्यांना लांकडी दारें आणि गज अशी व्यवस्था असे. उजेड आणि हवा यांचा मुख्य पुरवठा रस्त्याकडून न होतां मधल्या चौकांतून होई. कोंकणांत उतरत्या छपराची पडवी घराला कवेंत घेऊन राही, आणि ऊन भिंतीपर्यंत पोंचण्यापूर्वींच तिच्या सावलींत अडे. गोव्यांतील जुन्या घरांत कांचेऐवजीं शिंपल्यांचे पातळ चौकोनी तुकडे लांकडी चौकटींत बसवीत. त्यांतून प्रकाश येई, परंतु तो दुधासारखा मऊ होऊन येई. इंग्रजी अमदानींत मोठ्या शहरांतून आडव्या पट्ट्यांच्या झडपांचा प्रसार झाला. कोलकात्याच्या जुन्या घरांवरील हिरव्या झडपांना तेथील लोक 'खडखडी' म्हणतात. आपल्याकडे त्यांना झिलमिल असेंही नांव आहे. मुंबईंत १९३० नंतर मरीन ड्राइव्हवर उभ्या राहिलेल्या आर्ट डेको पद्धतीच्या इमारती पाहाव्यात. या इमारतींच्या समूहास २०१८ सालीं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत स्थान मिळालें. त्यांच्या खिडक्यांवर भुंवयांसारखे पुढें आलेले छज्जे आहेत, आणि ते केवळ शोभेसाठीं नाहींत.

पडवी, झिलमिल आणि छज्जा यांचें रूप निरनिराळें असलें तरी त्यांच्या मागचें तत्त्व एकच आहे. ऊन अडवावयाचें तें घराच्या बाहेर अडवावें. अलीकडच्या उंच इमारतींनीं हें तत्त्व पुष्कळ ठिकाणीं सोडून दिलें. भिंती पातळ झाल्या, छज्जे आखूड झाले किंवा मुळींच गेले, आणि खिडकी फरशीपासून छतापर्यंत वाढली. जाहिरातींतील चित्रांत अशी खिडकी फार देखणी दिसते. पुढें घराची किल्ली हातीं येते, पहिला उन्हाळा उजाडतो, आणि ज्या खिडकीसाठीं घर घेतलें तिच्याकडे पाठ करून बसण्याची पाळी येते.

याचें कारण कांचेच्या स्वभावांत आहे. सूर्याचा प्रकाश कांच सहज आंत सोडते. तो फरशीवर, गादीवर, कपाटावर पडतो आणि त्या वस्तु तापतात. तापलेल्या वस्तु जी उष्णता बाहेर टाकतात तिच्या लहरी दीर्घ असतात, आणि त्यांना कांच परत बाहेर जाऊं देत नाहीं. थंड देशांतील माळी याच गुणाच्या जोरावर कांचघरांत फुलें वाढवितात. उष्ण देशांत तोच गुण संकट होऊन बसतो. निरभ्र दुपारीं सूर्यकिरण ज्या पृष्ठभागावर सरळ पडतात तेथें दर चौरस मीटरास सुमारें १००० वॉट ऊर्जा मिळते. दिवस कलल्यावर ती निम्मी झाली असें धरलें, तरी तीन चौरस मीटरांच्या खिडकीवर १५०० वॉट पडत असतात. खोलींत विजेची शेगडी पेटवून ठेवावी आणि वर पंखा लावून बसावें, तसा हा प्रकार आहे.

आतां पडदा काय करतो तें पाहावें. पडदा कांचेच्या आंत असतो. म्हणजे ऊन घरांत शिरल्यानंतर तो त्याला भेटतो. पडद्याचा रंग गडद असला तर तो स्वतःच तापतो आणि ती उष्णता खोलींतच सोडतो. रंग फिका असला, किंवा मागें पांढरें अस्तर असलें, तर कांहीं प्रकाश तो आल्या वाटेनें परत पाठवितो. अमेरिकेच्या ऊर्जा विभागानें दिलेल्या आंकड्यांप्रमाणें मध्यम रंगाच्या आणि पांढऱ्या प्लॅस्टिकचें अस्तर असलेल्या पडद्यानें खिडकीवाटे येणारी उष्णता ३३ टक्क्यांनीं कमी होऊं शकते. पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून कापडी छपरी बसविली तर मात्र हीच घट ७७ टक्क्यांपर्यंत जाते. तेथील घरें आणि तेथील हवा निराळी आहे हें खरें. तथापि या दोन आंकड्यांतील अंतर पुरेसें बोलकें आहे. यावरून असें दिसेल कीं खरा वाद कापड आणि लांकूड यांचा नाहीं. तो आंत आणि बाहेर यांचा आहे. कांचेच्या आंत बसविलेली झडप उष्णतेच्या दृष्टीनें पडद्याचीच बहीण होय; आणि बाहेर सोडलेला साधा बांबूचा चिक हा जुन्या झडपांच्या कुळांतला आहे.

छज्जा आहे, मग काळजी कसली, असें कोणी म्हणेल. दक्षिणेच्या खिडकीपुरतें हें उत्तर बरोबर आहे. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर उन्हाळ्यांत मध्यान्हींचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, आणि मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तर तो किंचित् उत्तरेकडेच झुकलेला असतो. लहानसा छज्जाही त्याला अडवितो. डिसेंबरांत तोच सूर्य दक्षिणेकडे उतरतो, मध्यान्हीं क्षितिजापासून सुमारें ४७ अंशांवर असतो, आणि छज्जाखालून आंत येऊन थंडीच्या दिवसांत खोली उबदार करतो. पश्चिमेचें गणित वेगळें आहे. मार्चच्या २१ तारखेच्या सुमारास सूर्यास्ताआधीं तीन तास सूर्य ४२ अंशांवर असतो, दोन तास आधीं २८ अंशांवर, आणि एक तास आधीं अवघ्या १४ अंशांवर. पांच फूट उंचीच्या खिडकीच्या लगेच वर दोन फुटांचा छज्जा असला, तर सूर्यास्तापूर्वीं दोन तास त्याची सावली खिडकीच्या वरच्या एका फुटावर पडते. खालचे चार फूट उघडेच राहतात. आणखी एका तासानें ती सावली अर्ध्या फुटावर येते. पूर्वेच्या खिडकीलाही सकाळीं हाच अनुभव येतो. परंतु त्या वेळीं हवा रात्रीची थंड असते. पश्चिमेच्या खिडकीवर ऊन येतें तेव्हां घर आधींच तापलेलें असतें.

यांतून मुंबईकराची एक विशेष अडचण निर्माण होते. दुपारनंतर मुंबईंत समुद्रावरचा वारा सुटतो, आणि तो पश्चिमेकडूनच येतो. म्हणजे ज्या दिशेनें ऊन, त्याच दिशेनें वारा; आणि दोघेही एकाच वेळीं दारांत उभे. दमट हवेंत अंगावरचा घाम वाळला तरच जिवाला बरें वाटतें, आणि घाम वाळण्यास वारा हवा. जाड पडदा ओढला तर ऊन थांबतें, पण वाराही थांबतो. पडदा सारला तर वारा येतो, पण त्याच्याबरोबर ऊनही येतें. पट्ट्यांची झडप या दोघांची फारकत करूं शकते. बाहेरच्या बाजूस खालीं उतरत्या असलेल्या पट्ट्या वरून येणारे किरण अडवितात आणि वाऱ्याला मधल्या फटींतून वाट देतात. पट्ट्या फिरत्या असल्या तर सूर्य जसजसा खालीं येईल तसतशा त्या अधिक मिटतां येतात. अगदीं शेवटच्या तासांत त्या जवळजवळ बंदच कराव्या लागतात, हेंही सांगितलें पाहिजे. परंतु तोंवरचे दोन-तीन तास त्यांनीं वांचविलेले असतात.

विदर्भांत हा हिशेब उलटा होतो. नागपुरास मे महिन्यांत पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जातो आणि दुपारचा वारा भट्टीसारखा असतो. तेथें वाऱ्याला वाट देण्यांत अर्थ नाहीं. सकाळीं लौकर खिडक्या मिटाव्यात, दिवसभर घर बंद व अंधारें ठेवावें आणि रात्रीं सर्व दारें-खिडक्या उघडून टाकाव्यात, ही तेथील जुनी रीत शास्त्रशुद्ध आहे. हवा कोरडी असल्यामुळें वाळ्याचे पडदे भिजवून खिडकींत लावले तर पाणी उडून जातांना आंत येणारी हवा थंड करतें. मुंबईच्या दमट हवेंत पाणी सहज उडून जात नाहीं, म्हणून तोच वाळा तेथें फारसा उपयोगी पडत नाहीं. पुणें या दोहोंच्या मधलें आहे. उन्हाळ्यांत दुपार कोरडी, संध्याकाळीं पश्चिमेचा गार वारा. तेव्हां दुपारीं घट्ट मिटणारें आणि संध्याकाळीं पुरतें उघडणारें साधन तेथें उत्तम. एका गांवचा सल्ला दुसऱ्या गांवीं जसाच्या तसा उपयोगी पडत नाहीं तो यामुळें.

एवढ्यावरून पडद्याला निकालांत काढणें अन्यायाचें होईल. पडदा स्वस्त पडतो, हवा तेव्हां बदलतां येतो, भाड्याच्या घरांतून जातांना बरोबर नेतां येतो. रात्रीं झोपण्याच्या खोलींत पुरता अंधार करावयाचा तर अस्तराच्या जाड पडद्यासारखें दुसरें साधन नाहीं. मोठ्या, कठीण भिंतींच्या खोलींत आवाज घुमतो, तो कापड शोषून घेतें. रस्त्यावरचा गोंगाट मात्र पडद्यानेंही थांबत नाहीं आणि पट्ट्यांच्या झडपेनेंही थांबत नाहीं. त्यासाठीं कांचेचें तावदानच घट्ट मिटावें लागतें. पडद्याचा मोठा दोष म्हणजे धूळ. त्याच्या चुण्यांत धूळ बसते, आणि त्या धुळींत डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म किडे वाढतात. ज्यांना दमा आहे त्यांना त्यांचा त्रास होतो. म्हणून अशा घरांत पडदे धुण्याजोगे असावेत, आणि कापडास सोसत असेल तर ६० अंशांच्या गरम पाण्यांत धुवावेत. धुवावयास उतरविण्याचा आळस वाटेल इतका जड पडदा घरांत आणूंच नये. समुद्राकांठच्या गांवीं पावसाळ्यांत जाड कापडास बुरशी धरते. त्या चार महिन्यांपुरता तो उतरवून हलका सुती पडदा लावावा. स्वयंपाकघरांत शेगडीजवळ कापड लोंबतें ठेवणें धोक्याचें, हें वेगळें सांगावयास नको.

झडपेचेही दोष आहेत. चांगल्या सागाची झडप महाग पडते. हलकें लांकूड पावसाळ्यांत फुगतें आणि उन्हाळ्यांत आकसतें, मग ती मिटेनाशी होते. बिजागऱ्यांना तेल आणि लांकडाला रंग वेळच्या वेळीं द्यावा लागतो. पट्ट्यांवरची धूळ रोज पुसावी लागते, आणि तें काम घरांतील कोणाच्या तरी वांट्यास येतें. उलट चांगली झडप एकदां बसली कीं पिढी-दोन पिढ्या टिकते. तेवढ्या काळांत पडद्यांचे अनेक जोड फाटून जातात. आडपडद्याच्या दृष्टीनेंही ती सरस आहे. दिवा लागला कीं पातळ पडद्यांतून घरांतील सावल्या बाहेर दिसूं लागतात. उतरत्या पट्ट्यांतून वरच्या मजल्यावरच्या माणसाला खालचा रस्ता दिसतो. रस्त्यावरच्या माणसाला मात्र नुसतें छत दिसतें. दोरीनें ओढावयाच्या पट्ट्या बसविल्या तर दोरी लहान मुलांच्या हातीं लागणार नाहीं इतकी उंच बांधावी. अशा लोंबत्या दोरीचा फांस मुलांच्या गळ्याला बसण्याचा धोका असतो.

हा सारा विचार प्रत्यक्ष घरांत कसा उतरतो तें पाहण्यासाठीं एक कुटुंब कल्पावें. दादरच्या जुन्या चाळींतून तें बोरिवलीच्या एका इमारतींत चौदाव्या मजल्यावर राहावयास गेलें आहे. पश्चिमेची खोली आजींना दिली. कारण तिची खिडकी सर्वांत मोठी आणि देखावा सर्वांत सुंदर. खिडकीस गडद निळा पडदा लावला. तो एका रविवारीं रात्रीं दुकानांतल्या दिव्याखालीं पसंत केलेला. मुलगा आणि सून कामावर जातात, नातू शाळेंत. दुपारीं घरांत आजी एकट्याच. तीन वाजतां त्या पडदा ओढतात, आणि घामानें भिजतात. चार वाजतां पडदा सारतात, आणि उन्हांत सांपडतात. पांच वाजतां सून घरीं येते तों आजी स्वयंपाकघरांत खुर्ची टाकून बसलेल्या.

"आई, एवढी मोठी खोली सोडून तुम्ही इथें ओट्यापाशीं कां बसतां?"

"खोली चांगली आहे ग. पण दुपारची ती आपली नसते."

या उत्तरांत तक्रार नाहीं. परंतु एका घराचा सर्वांत मोठा भाग उन्हाळ्याच्या रोज तीन तास निरुपयोगी होतो, आणि तो नेमका ज्या माणसास दुसरीकडे जातां येत नाहीं त्याच्यासाठीं होतो, हें त्यांत स्पष्ट आहे. वयस्क शरीराला उष्णता सोसवत नाहीं. २०१० च्या मे महिन्यांत अहमदाबादेंत उष्णतेच्या लाटेनें मोठी प्राणहानि झाली, आणि २०१३ सालीं तेथें उष्णतेपासून बचावाची शहरव्यापी योजना आंखली गेली. योजना शहराची असली, तरी ऊन शेवटीं माणसाला गांठतें तें त्याच्या खोलींत.

अशा घरानें काय करावें? चौदाव्या मजल्यावर बाहेरच्या अंगास झडप लावणें सोपें नाहीं. वाऱ्याचा जोर मोठा, सुटलेली फळी खालीं कोणाच्या अंगावर पडण्याचें भय, आणि इमारतीचें बाह्य स्वरूप बदलावयाचें तर गृहनिर्माण संस्थेची संमति हवी. शिवाय आजच्या खिडक्या बहुधा सरकत्या असतात. दोन तावदानांच्या सरकत्या खिडकीची एका वेळीं निम्मीच जागा उघडते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. तीच ध्यानांत घेतली तर तोडगाही सुचतो. जी निम्मी बाजू उघडी राहते तिला आंतून फिक्या रंगाची, फिरत्या पट्ट्यांची झडप लावावी, म्हणजे वारा येत राहील. आणि जी निम्मी बाजू कांचेनें बंदच राहते तिला पांढऱ्या अस्तराचा पडदा घालावा. तेथें वाऱ्याचा प्रश्न नसल्यामुळें पडद्याचा दोष उरत नाहीं. एकाच खिडकीला दोन साधनें हें डोळ्यांना कदाचित् विसंगत दिसेल. परंतु त्या खिडकीचीं कामेंच दोन आहेत. आणि यांतलें कांहींच करणें शक्य नसलें तर एक बिनखर्चाचा उपाय उरतो : खोल्यांची अदलाबदल. दिवसा रिकामी राहणारी मुलाची पूर्वेची खोली आजींना द्यावी, आणि रात्रींच वापरली जाणारी पश्चिमेची खोली मुलानें घ्यावी. देखावा रविवारीं सर्वांना मिळून पाहतां येईल.

खालच्या मजल्यांवर, बैठ्या घरांत किंवा गॅलरी असलेल्या बिऱ्हाडांत याहून सोपा मार्ग आहे. गॅलरीच्या बाहेरच्या कडेला बांबूच्या काड्यांचा चिक सोडावा. तो बाहेर असल्यामुळें ऊन कांचेपर्यंत पोंचत नाहीं, काड्यांच्या फटींतून वारा येतो, आणि नको तेव्हां गुंडाळून वर बांधतां येतो. पावसाळ्यापूर्वीं तो उतरवून कोरड्या जागीं ठेवला तर अधिक टिकतो. भाडेकरूला घरमालकाच्या चौकटींत खिळा न ठोकतां करतां येण्यासारखा हा उपाय आहे, आणि गुणांत तो महागड्या पडद्यांना मागें टाकतो.

निवड करण्यापूर्वीं दुकानांत जाण्याची घाई करूं नये. कापडाचा नमुना दुकानांतल्या दिव्याखालीं पाहून निर्णय घेणें म्हणजे छत्री घरांत उघडून पाऊस अजमावणें होय. ज्या खोलीचा प्रश्न आहे त्या खोलींत सुटीच्या दिवशीं दुपारीं दोनपासून सूर्यास्तापर्यंत बसावें. दर तासाला ऊन फरशीवर कोठपर्यंत आलें तेथें खडूनें रेघ ओढावी. खिडकीशीं उदबत्ती धरून वारा कोणत्या बाजूनें येतो तें पाहावें. मग आठवडाभर जुनी पांढरी चादर प्रथम कांचेच्या आंत आणि नंतर, शक्य असेल तेथें, कांचेच्या बाहेर बांधून दोहोंतला फरक अनुभवावा. आणि या साऱ्याआधीं घरांतील मंडळींना एक प्रश्न विचारावा : दुपारीं या खोलींत कोण असतें? कोणीच नसेल, तर आवडेल तो पडदा लावावा. शोभा हीही घराची एक गरजच आहे. परंतु तेथें म्हातारें माणूस, तान्हें मूल किंवा घरीं बसून काम करणारें कोणी असेल, तर पसंतीचा पहिला हक्क त्यांचा. सायंकाळीं येणाऱ्या पाहुण्याला खिडकी कशी दिसेल याचा विचार त्यानंतर करावा.